दुपारची वीज आणि शेतकऱ्याचें खातें

रात्रपाळीचें पाणी भरणें म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. दिवसां आठ तास, रात्रीं दहा तास. या थ्री फेजच्या वेळापत्रकावर आपल्या झोपा, आपलीं लग्नकार्यें व आपले बाजारहि बेतलेले असत. पौष-माघाच्या थंडींत कानाला फडकें गुंडाळून, एका हातांत बॅटरी व दुसऱ्या हातांत फावडें घेऊन गव्हाला बारे देणारा माणूस वाफ्याकडे कमी व पायाखालीं जास्त पाहात असतो. आमच्या पुतण्यास तीन वर्षांपूर्वीं असाच रात्रीं दोनच्या सुमारास साप चावला. वेळेवर दवाखान्यांत पोहोंचला म्हणून वांचला. तेव्हांपासून आमच्या वहिनी रात्रपाळीच्या आठवड्यांत झोपत नसत. गेल्या हंगामांत आमच्या साक्री तालुक्यांतील गांवच्या उपकेंद्राजवळच्या माळावर सौर प्रकल्प सुरू झाला, शेतीचा फीडर दिवसाचा झाला, आणि पहिल्या दिवशीं वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली.

त्या साखरेची गोडी कमी करावी अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु तेव्हांपासून पारावर दोन प्रकारचीं बोलणीं आम्ही ऐकत आहों. एक पक्ष म्हणतो, ऊन आपल्या माळावरचें, वीज आपल्या माळावरची. मग बाजाराशीं, मुंबईशीं, दिल्लीशीं आपला संबंध काय? दुसरा पक्ष म्हणतो, सरकार फुकट देत आहे, तर मुकाट्यानें घ्यावें, हिशेब विचारूं नये. हिशेब विचारला कीं बिल येतें. पहिलें बोलणें अज्ञानाचें आहे, व तें सहज दूर होण्यासारखें आहे. दुसरें मात्र आमच्या मतें शेतकऱ्याच्या मुळावर येणारें आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून अठ्ठावन्नाव्या वर्षीं घरीं बसलेले गृहस्थ. शिक्षण मराठी शाळेपुरतें. विजेचें शास्त्र जें थोडेंफार कळतें तें पुढें वाचून व विचारून कळलेलें. परंतु खातें कसें लिहावें, आणि तें लिहिलें नाहीं म्हणजे कोणाचें नुकसान होतें, हें आम्हांस चाकरीनें चांगलें शिकविलें आहे. त्याच बळावर हा लेख लिहीत आहों.

प्रथम पहिल्या पक्षाविषयीं. आपल्या पांझरेच्या कांठची फडपद्धति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस विजेचें जाळें समजावयास अवघड नाहीं. बंधारा एक, पाट एक, फड अनेक. पाटांतलें पाणी कोणाच्या नांवाचें नसतें. तें पाटाचें असतें, आणि पाळी पाटकरी लावितो. एकानें मध्येंच पाट फोडला तर खालच्या सगळ्यांचें पाणी तुटतें. विजेचें तसेंच आहे, फक्त हा पाट काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेलेला आहे. तो एवढा लांब झाला त्यांत आपल्या सोलापूरचा वांटा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली व त्या दिवशीं दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं एकजीव झालें. तेव्हांपासून सबंध देशांतील यंत्रें एकाच लयींत, सेकंदास पन्नास आवर्तनें या गतीनें, फिरतात. पाटाचें पाणी निदान तळ्यांत अडवितां येतें; तारेंतल्या विजेस तेवढीहि उसंत नाहीं. ज्या क्षणीं जितकी ओढावी त्या क्षणीं तितकीच कोठें तरी उत्पन्न झाली पाहिजे. हा मेळ चुकला म्हणजे काय होतें, तें ३० व ३१ जुलै २०१२ ला उत्तर हिंदुस्थानानें अनुभवलें. दुसऱ्या दिवशीं तर उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन जाळीं कोसळून सुमारें साठ कोटी लोकांच्या मुलुखांत अंधार पडला. रेल्वे जागच्या जागीं उभ्या राहिल्या. आपलें पश्चिमेचें जाळें त्या वेळीं वांचलें.

आपल्या राज्याचा पाटकरी ऐरोलीस बसतो. त्या कचेरीस राज्य भार प्रेषण केंद्र असें जड नांव आहे. आपल्या माळावरच्या तीन-चार मेगावॅटच्या प्रकल्पाची वीज प्रथम आपल्या मोटारी घेतात हें खरें. तारांचा गुणधर्मच तसा आहे, जवळचा भार आधीं भागतो. पण भर दुपारीं ढग आला कीं आपल्या मोटारी बंद पडत नाहींत, त्या कोळशावर किंवा कोयनेच्या पाण्यावर चालतात. ती वीज दुसऱ्याची. आणि आषाढ-श्रावणांत शेतें चिंब असतां, मोटारी आठवडेच्या आठवडे उघडावयास लागत नसतां, जें काय ऊन पडेल त्याची वीज आपण पाटांत सोडतों. त्याच महिन्यांत आपल्याच ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्या सर्वांत जोरानें फिरत असतात. तेव्हां कधीं आपण घेणेकरी, कधीं देणेकरी. ज्या घराचें असें दुहेरी देणेंघेणें आहे, त्यास बाजाराशीं संबंध नाहीं असें कसें म्हणतां येईल?

आतां हा बाजार कसा भरतो तें सांगतों. देशांतील बहुतेक वीज वर्षानुवर्षांच्या करारांनीं आधींच विकलेली असते. उरते सुमारें एक-दशांश, तिचा मात्र रोज लिलाव होतो. वीजबाजार आपल्याकडे २००८ साली सुरू झाले. उद्यांच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात; प्रत्येक तुकड्यासाठीं विकणारा आपला माल व भाव सांगतो, घेणाराहि सांगतो. मग स्वस्त माल पुढें, महाग माल मागें, अशी रांग लावितात. जेथें मागणी पुरी होते तेथें जो शेवटचा विकणारा उभा असेल त्याचा भाव, तोच त्या पंधरा मिनिटांपुरता सगळ्यांचा भाव. सूर्याला सरपण लागत नाहीं, वाऱ्याला कोळसा लागत नाहीं. म्हणून त्यांची वीज रांगेंत पुढें उभी राहते व महाग कोळसेवाल्यास मागें रेटते. दुपारीं भाव उतरतो तो यामुळें. १ जून २०२० पासून याशिवाय अर्ध्या-अर्ध्या तासानें लागणारा तातडीचा लिलावहि चालू आहे. आपली महावितरण कंपनी करारांची वीज कमी पडली कीं येथें घेते, जास्त झाली कीं येथें विकते.

आमच्या पिंपळनेरच्या बाजारांत उन्हाळ कांद्याची आवक एकदम झाली म्हणजे भावाचें काय होतें, हें वेगळें सांगण्याची जरूर नाहीं. दुपारच्या सौर विजेची तीच गत होऊं लागली आहे, आणि हिला कांद्याची चाळहि नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत पाऊस लवकर आला, गारवा झाला, पंखे-कूलर थांबले, आणि या तातडीच्या बाजारांत दुपारच्या कांहीं तुकड्यांचा भाव शून्याला टेकला. त्याच वर्षीं राजस्थानांत वाहून नेणाऱ्या तारा पुरेशा नाहींत म्हणून तयार सौर वीज घेऊं नका, असें प्रकल्पांस सांगण्याची पाळी वारंवार आली. म्हणजे शेतांत उभें पीक असून काढणीस मज्जाव. सूर्य मावळला कीं उलट प्रकार. घरोघर दिवे लागतात, कारखान्यांची दुसरी पाळी चालू असते, पठारावर वारा असला तर असला. कोळसेवालाच रांगेच्या शेवटीं उभा असतो, आणि भाव चढत चढत मर्यादेस जाऊन ठेपतो. ही मर्यादा २०२३ पासून युनिटला दहा रुपये ठेवलेली आहे. ती नसती तर भाव कोठें थांबला असता, याची कल्पना न केलेली बरी. मग दुपारीं कोळशाचे संच बंद कां ठेवीत नाहींत, असें कोणी विचारील. ते चुलीसारखे विझवून पुन्हां पेटवितां येत नाहींत. सामान्यतः आपल्या शक्तीच्या निम्म्याहून थोडें वर, ५५ टक्क्यांपर्यंतच, त्यांस खालीं आणतां येतें. आणि संध्याकाळीं तेच लागणार असल्यामुळें दुपारभर मंद आंचेवर ठेवावे लागतात.

यास उपाय दोन. एक, दुपारची वीज सांठवून संध्याकाळीं देणें. दुसरा, संध्याकाळचा व रात्रींचा भार उचलून दुपारीं नेणें. पहिला उपाय आपल्याच राज्यांत अकोले तालुक्यांतील घाटघर येथें २००८ पासून चालू आहे. तेथें वीज स्वस्त असतां पाणी खालच्या धरणांतून वरच्या धरणांत चढवितात व महाग झाली म्हणजे तेंच सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं सोडून २५० मेगावॅट वीज काढतात. परदेशांत डेन्मार्कचें उदाहरण प्रसिद्ध आहे. सहकारी दूधसंस्थांमुळें आमच्या पिढीस ठाऊक असलेला हा सपाट, वाऱ्याचा देश. त्याच्याजवळ धरणाजोगे डोंगर नाहींत. शेजारच्या नॉर्वेजवळ आहेत. दोघांमध्यें समुद्राच्या तळाशीं तारा टाकल्या गेल्या, आणि १९९६ साली नॉर्वे व स्वीडन यांनीं जो एकत्र वीजबाजार केला त्यांत २००० पर्यंत फिनलंड व डेन्मार्कहि आले. वारा सुटला कीं डेन्मार्कची वीज नॉर्वेस जाते व नॉर्वे आपलें पाणी धरणांत राखून ठेवतो. वारा पडला कीं तें पाणी विजेच्या रूपानें परत येतें. एकाचा वारा दुसऱ्याच्या धरणांत सांठविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वारा व ऊन यांची आहे. शेजाऱ्याशीं बाजार एक नसता तर ती त्याला झेपली नसती.

आतां मुख्य मुद्यावर येतों. दुसरा उपाय, म्हणजे भार दुपारीं नेण्याचा, कोणाच्या हातीं आहे? गिरणीवाला यंत्रें थांबवूं शकत नाहीं. शहरांतील गृहिणीस स्वयंपाक संध्याकाळींच करावा लागतो, आणि मुलांना दिवा रात्रींच लागतो. दवाखाना, रेल्वे, पाणीपुरवठा यांना तर वेळच नाहीं. सबंध राज्यांत वाट पाहूं शकणारा, किंबहुना दुपारींच या असें म्हणणारा मोठा गिऱ्हाईक एकच, तो शेतकरी. गव्हाला पाणी सकाळीं अकराला मिळालें काय किंवा रात्रीं अकराला मिळालें काय, ओंबी तितकीच भरते. पाणी जमिनींत शिरून राहतें. जमीन हीच आपली सांठवण. विहिरीसहि रात्रभर झरे भरावयास वेळ मिळतो.

थोडा आंकडा मांडून पाहूं. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. पांच अश्वशक्तीची मोटार सुमारें पावणेचार किलोवॅट ओढते. अशा एक लाख मोटारी एकदम चालल्या तर ३७३ मेगावॅट होतात. घाटघरची सबंध शक्ति २५० मेगावॅट. आणि राज्यांत शेतीपंपाचे ग्राहक एक लाख नव्हेत, चाळीस लाखांवर आहेत. ते सर्व एका क्षणीं चालत नाहींत, व आमच्या रात्रपाळ्या बहुधा संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर लागत, म्हणून हा सगळा बोजा ऐन संध्याकाळच्या भावाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. परंतु रात्रींची वीज कोळशाची असते आणि दुपारची, जिला कधीं कधीं कोणी गिऱ्हाईक नसतें, ती उन्हाची असते. कोळसा जाळून भरावयाचें पाणी शेतकरी उन्हावर भरूं लागला, म्हणजे त्यानें सबंध बाजाराचें एक ओझें उचललें. धरण न बांधतां, बोगदा न खणतां उचललें. ही सेवा आहे. आणि सेवेची नोंद कोणत्याहि खात्यांत नाहीं.

येथेंच दुसऱ्या पक्षाशीं आमचें भांडण आहे.

२०२४ च्या जुलै महिन्यांत राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज जाहीर केली. मुदत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. बिलाची रक्कम सरकार महावितरणास देतें. विद्युत् अधिनियम २००३ च्या ६५ व्या कलमाप्रमाणें अशी सवलत द्यावयाची तर सरकारनें ती आगाऊ भरली पाहिजे. आतां ही रक्कम कशावरून ठरते? असंख्य मोटारींवर मीटर नाहीं. आहे तेथें पुष्कळदां बंद. अश्वशक्ति गुणिले अंदाजी तास, असा हिशेब. शेतीच्या नांवावर टाकलेल्या या युनिटांत खरोखर शेतीचीं किती व गळतीचीं आणि चोरीचीं किती, हा वाद राज्य वीज नियामक आयोगापुढें अनेकदां निघालेला आहे. परिणाम असा कीं, वर्षाअखेर वर्तमानपत्रांत छापून येतें: शेतकऱ्यांस इतके हजार कोटी दिले. शहरांतला वाचक तें वाचतो व आपल्या बिलाकडे पाहतो. पण त्या युनिटांपैकीं किती भर दुपारीं, बाजारांत भाव पडला असतां घेतलीं, व तीं घेतल्यामुळें कोणाचें किती वांचलें, हें कोठेंच येत नाहीं. येणार कसें? लिहिलेलेंच नाहीं.

अंदाजानें खातें लिहिण्याचें फळ आम्हीं स्वतःच्या हातानें एकास दिलेलें आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या कचेरींत आम्ही कनिष्ठ कारकून होतों. एका सजाची तलाठ्याची जागा रिकामी होती आणि रब्बीची पीकपाहणी पुरी करण्याचें काम आमच्यावर आलें. निवडणुकीच्या याद्यांची धामधूम, गांव आडवाटेचें, मुदत संपत आलेली. आम्ही शिवारांत गेलों नाहीं. गेल्या सालचा पेरा उतरून काढला व सही केली. एका शेतकऱ्याच्या गटापुढें त्यामुळें जिरायत ज्वारी पडली. वास्तविक त्यानें त्याच सालीं नवी विहीर करून कांदा लाविला होता. पुढें गारपीट झाली. मदतीची यादी कागदावरून निघाली, आणि त्यास जिरायताच्या दरानें मदत मिळाली. तो कचेरींत आला. आरडाओरड केली नाहीं. ‘कांदा माझा, गारा माझ्या शेतांत, आणि तुमच्या कागदांत मी ज्वारीवाला,’ एवढेंच म्हणाला व पायऱ्या उतरून गेला. दुरुस्तीची मुदत उलटून गेली होती. साहेबांनीं आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं, कारण कागद बरोबर होता.

आज विजेच्या कागदांत आपण सर्व ज्वारीवाले आहों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेतीच्या प्रत्येक फीडरवरचा आंकडा दरमहा गांवच्या चावडीवर लावावा: सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच या वेळांत किती युनिटें गेलीं व इतर वेळीं किती. उपकेंद्रांत फीडरला मीटर असतो. नवें कांहीं बसवावयास नको. यांत कोणाच्या एकट्याच्या मोटारीचें नांव येत नाहीं, कोणास बिल येत नाहीं. सबंध गांवाची दुपारची ओढ तेवढी दिसते. त्याच्या जोडीला त्या त्या वेळचा बाजारभाव लावला म्हणजे जमा-खर्च दोन्ही बाजू समोर येतील. केंद्र सरकारनें २०२३ साली नियम केला कीं सूर्याच्या तासांत विजेचा दर नेहमींपेक्षां निदान वीस टक्के कमी असावा व गर्दीच्या वेळीं तो दहा ते वीस टक्के चढा असावा. कारखान्यांस तो १ एप्रिल २०२४ पासून व इतर ग्राहकांस १ एप्रिल २०२५ पासून लागू करावयाचा होता. शेतीस मात्र त्यांतून वगळलें. वगळलें तें आपल्यावर चढ्या दराचा बोजा नको म्हणून, हें आम्ही मान्य करितों. पण चढ्या दराबरोबर सवलतीच्या वहींतूनहि आपलें नांव गेलें, तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ज्या गिऱ्हाइकानें सर्वांत आधीं दुपार धरली, तोच दुपारच्या नियमाबाहेर.

मीटर म्हटला कीं आपले लोक बिचकतात, आणि तें उगीच नव्हे. ज्याच्या मोटारीची डीपी हंगामांत पंधरा दिवस जळून पडली होती त्यासहि त्या पंधरा दिवसांचें बिल आलेलें आम्हीं पाहिलेलें आहे. बंद मीटरवर सरासरी लावून थकबाकी फुगविल्याच्या तक्रारी गांवोगांव आहेत. अशा माणसास ‘मोजणी तुझ्याच हिताची आहे’ असें सांगणें म्हणजे भाजलेल्यास चुलीजवळ बोलावणें. तरीहि आम्ही तेंच सांगत आहों. २०२९ चा मार्च दूर नाहीं. मोफत मुदत संपेल त्या दिवशीं वाटाघाटींच्या मेजावर महावितरण आपले आंकडे घेऊन बसेल, कारखानदार आपले घेऊन बसतील. कारखानदारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे कीं शेतीचा भार त्यांच्या दरावर टाकला जातो, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. त्या वेळीं शेतकऱ्याच्या बाजूनें काय ठेवावयाचें? ‘आम्ही अन्नदाते’ हें वाक्य? तें ऐकून टाळ्या पडतात, दर ठरत नाहीं. उलट, पांच वर्षांचा दुपारचा आंकडा हातीं असला तर असें म्हणतां येईल कीं, जेव्हां तुमच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतें तेव्हां तो आम्हीं उचलला. त्याचा दर काय लावतां तें बोला.

यांत आपल्याकडूनहि कांहीं पथ्य पाळावें लागेल. आपण मोटारीला ऑटो लावून निघून जातों. वीज आली कीं फीडरवरच्या दोनशें मोटारी एका क्षणीं उठतात आणि मग डीपीनें जळूं नये अशी अपेक्षा करितों. दुसरें, रोज आठ तास हमखास वीज म्हणजे रोज आठ तास उपसा नव्हे. रात्रपाळीचा त्रास हाच आपल्या कांहीं विहिरींचा रखवालदार होता, असें म्हणण्याची वेळ येऊं नये. आमच्या शिवारांत गेल्या उन्हाळ्यांत चैत्रांतच तळ गांठलेल्या विहिरी होत्या. याबद्दल स्वतंत्र लिहावें लागेल.

जागेविषयीं थोडें. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ ची. राळेगणसिद्धीस तिचा आरंभ झाला. २०२३ साली तिची दुसरी आवृत्ति निघाली, आणि वैजापूर तालुक्यांतील धोंदलगांव येथील तीन मेगावॅटचा प्रकल्प हा त्या आवृत्तींतील पहिला. खाजगी जागेस हेक्टरीं वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडें व दरसाल तीन टक्के वाढ आहे. पंचविसाव्या वर्षीं तें सुमारें अडीच लाख होतें. मुरमाड, पडीक माळाला हें भाडें उत्तम. काळ्या जमिनीस आम्ही देऊं नका म्हणूं. गायरानाचा प्रश्न निराळा आहे, तेथें गुरांचें काय हें आधीं ठरावें. परंतु आम्हांस वाईट वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. २०१९ च्या केंद्रीय कुसुम योजनेच्या पहिल्या भागांत अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्यांनीं, त्यांच्या सहकारी संस्थेनें, किंवा पंचायतीनें स्वतः उभारण्याची सोय आहे, व वीज विकत घेण्याचा करार पंचवीस वर्षांचा होतो. आपण मात्र जागामालक होण्यावरच समाधान मानितों. भांडवल मोठें लागतें हें खरें, आणि ठरलेल्या दरांत तें भागेल कीं नाहीं याचा हिशेब कागदावर मांडल्यावांचून कोणीहि उडी घेऊं नये. पण आपल्या जिल्ह्यांत कोणी तो मांडून पाहिल्याचेंहि आमच्या कानीं आलें नाहीं. वर ज्या डेन्मार्कचा उल्लेख केला, तेथें राजधानी कोपनहेगनसमोरच्या समुद्रांत २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, चाळीस मेगावॅटच्या. त्यांपैकीं निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक भागीदारांच्या सहकारी मंडळीची होती. साखर कारखान्याचे भाग घेणाऱ्या महाराष्ट्रास ही कल्पना परकी वाटूं नये.

असो. आमच्या पुतण्याच्या मोटारीस सुदैवानें चालू मीटर आहे. गेल्या कार्तिकापासून रोज सकाळीं नऊ वाजतां व सायंकाळीं पांच वाजतां त्यावरचा आंकडा तो आम्हांस सांगतो व आम्ही वहींत लिहितों. ढगाळ दिवस, डीपी बंद असलेले दिवस, पाण्याची गरज नसलेले दिवस, सर्व निरनिराळ्या रकान्यांत. आतां शेजारच्या अकरा जणांनीं आपलेहि आंकडे द्यावयाचें कबूल केलें आहे. दोघांनीं आधीं कबूल करून मग नाहीं म्हटलें, त्यांवर आमचा राग नाहीं. वही संस्थेच्या कचेरींत ठेविली आहे. ज्या सभासदांस रकाने उतरून घ्यावयाचे असतील त्यांनीं बाजाराच्या दिवशीं दुपारीं यावें. आम्ही तेथें असतों.